रुमालाखालचा भाव

बारा दिवसांनी गल्लीत महापालिकेचा टँकर आला आणि त्याच घटकेला कुरिअरवाला एक जाडजूड पाकीट घेऊन दारात उभा राहिला. दोन्ही एकदम यायला नको होतं. पण २०१६ सालच्या एप्रिलात लातुरात कुणाच्या सोयीनं काहीच येत नव्हतं. नरसिंग कांबळे दोन घागरी आणि प्लास्टिकचं पिंप घेऊन रांगेकडे पळाला. त्याच्या बायकोनं, पंचशीलानं, पाकिटाची सही केली आणि उंबऱ्यातच बसून ते फोडलं.

तिला एका कागदाची अपेक्षा होती. मागच्या एप्रिलात असंच पाकीट आलं होतं. त्यात एकच कागद, त्यावर सहा ओळी, सहा कंपन्यांची नावं आणि वर पंचशीला नरसिंग कांबळे. तिनं तो कागद घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवला होता आणि परत काढला नव्हता.

ह्या वेळी बेचाळीस पानं निघाली. कुणाची तरी मतदारयादी चुकून आपल्याकडे आली की काय, असं तिला वाटलं. पण प्रत्येक पानावर नाव तिचंच होतं. पहिल्याच पानावर तिच्या सहाही कंपन्या विकलेल्या होत्या, आणि पुढं त्यांपैकी एकही नव्हती. तिनं जन्मात ऐकली नव्हती अशी नावं होती, त्यांच्यापुढे खरेदी, विक्री, परत खरेदी, परत विक्री. एकच कंपनी मंगळवारी घेतलेली, गुरुवारी विकलेली, पुढच्या सोमवारी जास्त भावानं परत घेतलेली. एखादं भ्रमिष्ट माणूस रस्त्यावर पुढंमागं करतं, तशी ती पानं होती.

पंचशीला काही अडाणी बाई नव्हती. लातुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तिनं एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, त्यातली वीस हाडांच्या वॉर्डात. सगळी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणायची. छप्पन सालचा तिचा जन्म. बापानं त्याच वर्षी दीक्षा घेतली आणि पोरीचं नाव पंचशीला ठेवलं. सरकारी नोकरी नव्हती, त्यामुळं पेन्शन नव्हती. निवृत्त झाली तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून दहा लाख हातात आले. नरसिंग बाजार समितीत कारकून होता. त्याचा फंड आधीच घर बांधण्यात आणि मुलीच्या, उत्पलाच्या, लग्नात गेला होता. उत्पला मुदखेडला नांदत होती. तिच्या दारात हात पसरायला जायचं नाही, हे पंचशीलानं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणजे ते दहा लाख हेच तिचं म्हातारपण होतं. दुसरं काही नव्हतं.

ते तिनं विचार करून ठेवले होते. ज्या कंपन्यांचा माल तिनं आयुष्यभर हाताळला, त्यांचेच शेअर घेतले: औषधाची एक, साबणाची एक, पगार जमा व्हायचा ती बँक, अशा सहा. आणि दहा वर्षं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. हे शहाणपण तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. वॉर्डात एकदा औशाकडचा एक पेशंट आला होता. पायाला प्लास्टर घालून त्याला घरी पाठवला, तर तिसऱ्या आठवड्यात त्यानं हाड जुळलं का ते बघायला म्हणून कोयत्यानं प्लास्टर फोडलं. जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलं आणि गडी जन्माचा लंगडा झाला. त्याला शिव्या घालत दुसरं प्लास्टर घालणारी पंचशीलाच होती. तसंच पैशालाही तिनं प्लास्टर घातलं होतं. पेपरात बाजार पडल्याची बातमी आली की पान उलटायची. टीव्हीवर लाल आकडे दिसले की चॅनेल बदलायची.

आणि नेमकं हेच नवऱ्याच्या पथ्यावर पडलं. तिचं न बघणंच त्याला सोयीचं झालं. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात शेअरदलाल विरूपाक्षाकडं खातं उघडताना पेन्सिलीच्या फुल्या मारलेल्या तीस-पस्तीस ठिकाणी तिनं सह्या केल्या होत्या, ड्यूटीवरून थेट येऊन, चहा गार होत असताना. त्यातल्याच एका कागदानं तिच्या वतीनं घेण्या-विकण्याची मुभा नरसिंगला मिळाली होती. मोबाईल नंबरही त्याचाच लावला होता, "तुला ड्यूटीवर फोन घेता येत न्हाई" म्हणून. सगळे मेसेज वर्षभर त्याच्या खिशात वाजत होते, आणि ती त्याच्यासमोर बसून भाकरी थापत होती.

शेवटच्या पानावर दोन आकडे होते. शिल्लक: तीन लाख ऐंशी हजार. आणि वर्षभरात दिलेली दलाली: एक लाख साठ हजार. पंचशीलानं ते तीनदा वाचलं. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

नरसिंग पिंप ढकलत आला, घामानं थबथबलेला. "घरटी दोनशेच लिटर देत्यात," तो म्हणाला, "तेवढ्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरून..." तेवढ्यात त्याला तिच्या मांडीवरची पानं दिसली. त्यानं पिंप दाराशीच टेकवलं. झाकण नीट बसवलं. मग परत काढून परत बसवलं.

"हे काय हाय?" पंचशीला म्हणाली.

"ते होय? ते कंपनीवाले उगं पाठवत्यात."

"म्या वाचलंय."

मग लपवण्यात अर्थ नव्हता. नरसिंग भिंतीला टेकून बसला आणि समजावायला लागला. चोरी पकडल्यावर माणूस गप्प बसला तर निदान दया येते. हा समजावायला लागला.

"बग, तुला त्यातलं कळत न्हाई. मंदी हाय. पडत्या भावात माल धरून बसणारा येडा. तीस वर्षं बाजार समितीत काय बगितलं म्या? माल कोठीत पडला की वजनात घट येते, कीड लागते, ओल धरते. दोन रुपये कमी येऊ दे, पण काढून मोकळं व्हायचं. तुझे ते साबणवाले पडाय लागले, म्या काढले. चढणारा माल घेतला. तो बी पडला, तवा तो काढला."

"आन मग?"

"मग वर जाणारा घेतला."

"तो बी पडला."

"बाजारच तसा व्हता की गं."

"कीड तुरीला लागती, नरसिंगराव. कंपनीला कीड लागती का?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याला 'उत्पलाचे पप्पा' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. नरसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. पण अजून त्याच्याकडं एक हुकमाचा पत्ता होता, आणि तो त्यानं आताच टाकावा ही त्याची बुद्धी.

"आता सगळं भरून निघतंय," तो पुढं सरकून हळू आवाजात म्हणाला. "उदगीर जिल्हा व्हनार हाय. पक्की खबर. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशीला, आपलं लगीन झालं तवा बी औसा रोडला प्लॉट चार हजाराला मिळत व्हता आन आपन घेतला न्हाई. आठवतं का? आता ती चूक करायची न्हाई. विरूपाक्षाला सांगितलंय, आज सगळं काढून टाक म्हनून. उद्या उदगीरला प्लॉटचा बयाना देऊन येतो. जिल्हा झाला की दुप्पट."

"आज?"

"दुपारच्याला काढतो म्हनला."

पंचशीला उठली. ह्या माणसानं सहा लाख घालवले होते, आणि उरलेले पावणेचार आज दुपारी, ती घरात पाणी गाळत असताना, जाणार होते. खुंटीवर त्याचा मोठा चौकड्यांचा रुमाल होता, तो तिनं खांद्यावर टाकला.

"चला," ती म्हणाली.

"कुटं?"

"इरूपाक्षाकडं."

"अगं, अजून पिंप आत..."

"चला म्हनलं ना!"

गल्लीतल्या बाया घागरी धरून बघत राहिल्या. सिस्टरबाईंचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

गंजगोलाईच्या चौकापलीकडं जुन्या आडत लाइनीत विरूपाक्षाचं ऑफिस होतं. वीस मिनिटं रस्ता, डोक्यावर ऊन. पंचशीला पुढं आणि नरसिंग चार पावलं मागं. त्या वीस मिनिटांत तिच्या डोक्यात सारखी एकच गोष्ट फिरत होती, आणि तीच तिला सगळ्यात जास्त जाळत होती. ती दहा लाखांची नव्हती.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची. तिचा बाप भीमा रेणापूरहून पाच पोती तूर घेऊन ह्याच लाइनीत आला होता. तेव्हा भाव रुमालाखाली व्हायचा. व्यापारी आणि शेतकऱ्याचा माल विकून देणारा आडत्या एकमेकांचा हात धरायचे, वरून रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो बाजूला उभा. त्याला कळायचं ते शेवटी, चिठ्ठीवर. सरकारनं ते बंद करा म्हणून केव्हाच सांगितलं होतं, पण ऐकतो कोण. गुरुबसप्पा आडत्याच्या ओट्यावर भीमाच्या तुरीचा भाव असाच रुमालाखाली चालला होता. तेवढ्यात समितीचा एक तरणा कारकून पुढं आला आणि त्यानं सगळ्यांदेखत रुमाल ओढून काढला. म्हणाला, "मालकाला कळू द्या." गुरुबसप्पाचा हात व्यापाऱ्याच्या हातात तसाच उघडा राहिला. पुढं महिनाभर त्या कारकुनाला बाजारात कुणी चहा पाजला नाही. भीमानं मात्र घरी येऊन सांगितलं, पोरगी द्यावी तर अशा माणसाला.

तो कारकून नरसिंग होता. पंचशीलानं त्या एका गोष्टीवर होकार दिला होता. लग्नानंतर बोटांची ती भाषा त्यानंच तिला गमतीनं शिकवली होती, पांघरुणाखाली हात धरून. तेहतीस वर्षं ती हे माहेरी, दवाखान्यात, उत्पलाला, जावयाला, जो भेटेल त्याला सांगत आली होती.

गुरुबसप्पाच्याच गाळ्यात आता त्याचा मुलगा विरूपाक्ष बसत होता. पोत्यांच्या जागी काच, एसी आणि चार टीव्ही, त्यावर आकड्यांची पट्टी धावत होती. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर सात-आठ माणसं माना वर करून बसली होती. त्यातले निम्मे निवृत्त मास्तर, उरलेले आडतीतले जुने लोक. सगळे नरसिंगच्या ओळखीचे. पंचशीला आत येताच विरूपाक्ष खुर्चीतून उठला.

"या सिस्टर, बसा. काका, बरं झालं आलात. तुमचं आता काढायलाच बसलो होतो."

"काही काढायचं न्हाई," पंचशीला म्हणाली.

विरूपाक्षानं नरसिंगकडं बघितलं. नरसिंगनं टीव्हीकडं बघितलं.

"खातं माझ्या नावावर हाय का त्यांच्या?"

"तुमच्याच, सिस्टर."

"मग माझ्याकडं बगून बोल. म्या घेतलेले सहा शेअर आज असते, तर किती झाले असते? तेवढं काढून दे."

विरूपाक्षानं कॉम्प्युटरात सहा नावं टाकली. दोन मिनिटं लागली. खुर्च्यांवरच्या माना टीव्हीवरून खाली आल्या.

"आठ लाख पंच्याऐंशी हजार," तो म्हणाला. मग सवयीनं पुढं बोलला, "फेब्रुवारीत लई पडले होते. आता परत उठलेत."

म्हणजे ज्या मंदीच्या नावानं वर्षभर सगळा बाजार बोंबलत होता, त्या मंदीनं तिचे नेले होते सव्वा लाखाच्या आत. बाकीचे पाच लाख मंदीनं नेले नव्हते. ते नेणारा चार पावलांवर उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. पंचशीलाला वाटलं, इथंच ह्याच्या कानाखाली वाजवावी. आवाज तरी होईल.

"आन दलाली एक लाख साठ हजार," ती म्हणाली.

"सिस्टर, दोनशे अकरा सौदे झालेत. काका जसं सांगत गेले तसं केलं. मी माझ्या मनानं एक बी केला न्हाई." ते खरंच होतं. पोराचा आवाजही नरम होता. "म्या म्हनलं बी होतं काकाला, थोडं थांबा म्हनून. पन ते म्हनायचे, मला बाजार शिकवू नको."

पंचशीला नवऱ्याकडं वळली.

"तीस वर्षं आडतीचं रजिस्टर लिव्हलंत तुमी. माल जेवढ्या हातातून फिरंल तेवढी आडत वाढती, हे मला तुमीच शिकवलं. भाव चढू दे न्हाईतर पडू दे, आडत्या कधी उपाशी झोपला का? सगळ्या लातुरात एका माणसाला हे ठावं पाहिजे व्हतं. आन त्याच माणसानं माझा माल दोनशे अकरा वेळा फिरवला!"

"पंचशीला, लोक बगत्यात..."

"बगू द्या."

तिनं खांद्यावरचा रुमाल काढला. नरसिंगचा उजवा हात आपल्या हातात धरला आणि त्यावर रुमाल टाकला. खुर्चीतल्या जुन्या आडतवाल्यांनी हे तीस वर्षांत बघितलं नव्हतं. एकजण अर्धवट उठून उभा राहिला.

"सांगा," पंचशीला म्हणाली. "रेणापूरच्या भीमाच्या पोरीचा माल हाय. एकतीस वर्षं रात्रपाळ्या करून जमवलेला. दहा लाखाला तोलून दिला व्हता. आज काय भाव आलाय?"

नरसिंगचा हात घामानं ओला होता. रुमालाखाली त्याची बोटं हलली नाहीत. मग हळूच त्यानं तिची तीन बोटं धरली. तेवढीच. पुढचं त्याला दाबवेना. तिला वाटलं, तो हात तसाच धरून राहायला बघतोय, पांघरुणाखाली धरायचा तसा. क्षणभर तिनंही तो धरू दिला, आणि त्याचाच तिला आणखी राग आला.

तिनं रुमाल एका हिसक्यात ओढून काढला.

"मालकाला कळू द्या," ती म्हणाली.

नरसिंगचा हात तिच्या हातात उघडा पडला.

"तीन लाख ऐंशी हजार," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. ओट्यावर पुकारत व्हता तसं."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि ज्या आवाजात तीस वर्षं अख्ख्या बाजारावर भाव पुकारला होता, त्या आवाजात तो ओरडला, "तीन लाख ऐंशी हजार!" शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. विरूपाक्ष खाली मान घालून टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

बाकीचं पाऊण तासात उरकलं. मुभेचा कागद रद्द झाला. नरसिंगचा नंबर काढून तिचा लागला. ह्या वेळी तिनं प्रत्येक पान वाचून सही केली, आणि दोन ठिकाणी विरूपाक्षाला अर्थ विचारला. खात्यात जे सटरफटर उरलं होतं त्याचं काय करायचं, तेही तिनंच सांगितलं: उद्यापासून एकेक करून बदलून तिच्या जुन्या सहा कंपन्या आणायच्या, शेवटची दलाली घ्यायची, आणि मग हात लावायचा नाही.

परतताना गोलाईपाशी आल्यावर नरसिंग म्हणाला, "आता किती वर्षं ठेवायचं?"

"धा."

"त्यातलं सव्वा वर्ष तर झालंच की."

"झालं न्हाई. प्लास्टर फोडलं की पहिल्यापासनं मोजायचं असतं. म्या सत्तरीची हुईन तवर. आन तवर खायला काय, तर उद्या दवाखान्यात जाऊन मेट्रनला भेटते. रात्रपाळीला मानसं मिळत न्हाईत तिला."

"ह्या वयात?"

पंचशीला पुन्हा चार पावलं पुढं निघाली.

घरी आल्यावर तिनं लोखंडी पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेल्या ड्यूटीच्या दोन पांढऱ्या साड्या काढल्या. घडीवर पिवळे डाग पडले होते. गल्लीत सगळे भांडी राखेनं घासत होते, कपडे आठ-आठ दिवस अंगावर वापरत होते. पुढचा टँकर कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचशीलानं सकाळच्या पिंपाचं झाकण काढलं, एक बादली भरली, मग दुसरी भरली आणि न्हाणीत साबण घेऊन बसली.

नरसिंग दारात येऊन उभा राहिला. दोन बादल्यांकडं बघून त्याला राहवलं नाही.

"अगं, पानी..."

"माझ्या वाट्याचं हाय," पंचशीला म्हणाली आणि साडी बादलीत बुडवली.